प्रौढ साक्षरता वर्गाला पैसा कुठून आणायचा: सरकारी योजना, कंपनी की देणग्या?

इंदुरात मराठी मंडळं पुष्कळ आहेत. गणपती, कोजागिरी उरकली की एखादी वहिनी हमखास विचारते, ‘घरकामाच्या बायकांसाठी संध्याकाळचा वर्ग काढायचाय, पैशांचं कसं करू?’ तिच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी कायदा समजून घ्या. 2009चा शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वयाच्या मुलांसाठी आहे. त्यामुळे मुलांची शाळा सरकारला चालवावीच लागते. चाळिशीच्या बाईला असा हक्क नाही. घटनेच्या 41व्या कलमात शिक्षणाचा उल्लेख आहे, पण राज्याच्या आर्थिक कुवतीपुरता, आणि त्याच्या जोरावर कोर्टात जाता येत नाही. म्हणून तिच्या शिकण्याला मिळतो तो योजनेचा पैसा, आणि योजनेची मुदत संपते.

‘साक्षर भारत’ 2009 साली सुरू झाली आणि मार्च 2018ला बंद. तिचा भर खेड्यांवर होता, गावात वर्ग चालवणाऱ्या प्रेरकाला महिन्याला 2000 रुपये मानधन होतं. आताचा ‘उल्लास’ म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रम 2022 ते 2027चा, एकूण 1037.90 कोटींचा, त्यात केंद्राचे 700 कोटी. शिकवणारे मात्र विनामानधन स्वयंसेवक. म्हणजे जागेचं भाडं, शिकवणारीचा पगार यातून निघणार नाही. तरीही मी हा रस्ता सोडू नका म्हणेन, कारण साहित्य मिळतं, ॲप आहे आणि 150 गुणांची परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळतं. आमच्या वर्गातल्या पन्नाशीच्या बाईनं ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवघरात ठेवलंय. त्यानंतर बँकेत पैसे काढायच्या स्लिपवर तिनं पहिल्यांदा सही केली, आणि सही झाल्यावर सवयीनं अंगठा पदराला पुसला.

कंपन्यांचा पैसा मोठा असतो. 2013च्या कंपनी कायद्याच्या 135व्या कलमामुळे मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. शिक्षण त्या यादीत आहे, आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असंही कायदा सांगतो, आणि पीथमपूरचे कारखाने आपल्याला जवळच. पण संस्थेकडे आयकराची 12ए (संस्थेला करमाफी) आणि 80जी (दात्याला करसवलत) नोंदणी हवी, कंपन्यांचा असा पैसा घेण्यासाठीचा नोंदणी अर्ज म्हणजे सीएसआर-1 भरलेला हवा आणि साधारणपणे अशा कामाचा तीन वर्षांचा अनुभव हवा. कालच निघालेल्या मंडळाला हे जमणार नाही. शिवाय वर्षाहून जास्त चालणारा ‘चालू प्रकल्प’ म्हटला तरी सुरुवातीचं वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षं. आम्हाला एका कंपनीनं लिहायचे फळे आणि टॅब दिले, शिकवणारीचा पगारही दिला. दुसऱ्या वर्षी त्यांनी आरोग्याचं काम घेतलं. जुलैत पगार थांबला, दिवाळीपर्यंत चौदा जणींपैकी पाचच येत होत्या. त्या नऊ जणींची चुटपुट मला आजही आहे.

देणग्या थोड्या येतात, पण टिकतात. 80जीची सवलत नव्या करप्रणालीत मिळत नाही आणि 2000 रुपयांवरच्या रोख देणगीला तर जुन्यातही नाही. तेव्हा करबचतीच्या आशेवर मागू नका, दात्याला एकदा वर्गात बसवा. परदेशातल्या नातलगांचं मात्र जपून. भारतीय पासपोर्ट असलेल्या भाच्यानं स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे चालतात. त्यानं अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर तीच रक्कम परदेशी देणगी ठरते, आणि परदेशी देणगी कायद्याखालच्या परवानगीशिवाय ती घेता येत नाही.

मंडळ नवं असेल तर माझा सल्ला असा: शिकवणारीचा पगार फक्त देणग्यांतून द्या आणि वर्षभराचे पैसे हातात आल्याशिवाय वर्ग उघडू नका. परीक्षा उल्लासची घ्या. कंपनीकडे तीन वर्षांनी जा, आणि तेव्हाही लिहायचे फळे, कपाट, टॅब अशा एकदाच घ्यायच्या वस्तूच मागा.