फुकटच्या उबंटूचे 36,816 रुपये

विंडोज 10 ची नियमित सुरक्षा अपडेट्स 14 ऑक्टोबर 2025 रोजी बंद होणार होती आणि आमच्या टंकलेखनाच्या कार्यालयातील चार जुन्या संगणकांत टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप नसल्याने त्यांवर विंडोज 11 चालणार नव्हते, म्हणून मी उबंटू ही लिनक्सवर आधारलेली विनामूल्य कार्यप्रणाली बसवून घ्यायचे ठरवले. तो निर्णय योग्यच होता. पण सांगलीतल्या विक्रेत्याने मला बजावले की, फुकटची आवृत्ती घरापुरतीच असते, ऑफिसात वापरल्यास गुन्हा ठरतो आणि म्हणून पाच वर्षांच्या सपोर्टसह ‘कमर्शियल’ आवृत्ती घ्यावीच लागेल. प्रत्येकी 7,800 प्रमाणे 31,200 आणि 18 टक्के जीएसटीचे 5,616, असे 36,816 रुपये त्याने चेकने घेतले.

हे धादांत खोटे होते. उबंटू ऑफिसातही विनामूल्य वापरता येते आणि तिच्या एलटीएस, म्हणजे दीर्घ मुदतीच्या, आवृत्तीला पाच वर्षे सुरक्षा अपडेट्स फुकटच मिळतात. उबंटू बनवणारी कॅनोनिकल कंपनी विकते ती ‘उबंटू प्रो’ ही वर्गणी. ती संगणकाला जोडण्यासाठी खाते आणि त्या खात्यातून मिळणारा संकेतांक, म्हणजे टोकन, लागते.

संताप होतो तो नेमका इथेच. त्याच्या माणसाने चारही संगणकांवर एकाच पेनड्राइव्हवरून उबंटू चढवले, नाव आणि पासवर्ड भरला, टाइमझोनमध्ये कोलकाता निवडले आणि उठला. ना टोकन, ना परवाना क्रमांक, ना माझा ईमेल! मी शेजारीच उभा होतो. पण ‘कमर्शियल लायसन्स’ असे छापलेले, जीएसटी क्रमांकाचे बिल हाती असताना कोणाला शंका येईल? पुढे प्रिंटर अडला, तेव्हा सपोर्टऐवजी भेटीचे 900 रुपये मागितले गेले. ओळखीच्या अभियंत्याने टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ‘प्रो स्टेटस’ (pro status) ही आज्ञा दिली आणि संगणक कोणत्याही वर्गणीला जोडलेला नसल्याचे पडद्यावर आले. ही आज्ञा पैसे देण्यापूर्वी, विक्रेत्यासमोरच द्या.

पोलीस ठाण्यात विचारले गेले, “संगणक चालतात ना? मग फसवणूक कसली? दिवाणी बाब आहे.” सायबर कक्षाने चेकचा व्यवहार आपल्याकडे येत नाही म्हणून हात झटकले. तिसऱ्या ठिकाणी सांगितले की व्यवसायासाठी खरेदी केली, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही. वास्तविक 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात केवळ स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेतलेल्या वस्तूंना अपवाद आहे, आणि आमच्याकडे घरचीच चार माणसे राबतात. कायदा दाखवला, तर ऐकून घेणारा अधिकारी जेवायला निघून गेला. लिनक्सची प्रत पैसे घेऊन देण्यास जीपीएल हा मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना मुभा देतो, हे विक्रेत्याचे म्हणणे सर्वांना पटले. न दिलेल्या सपोर्टचे आणि गुन्ह्याच्या धाकाचे काय, हे एकानेही विचारले नाही.

बसवण्याची मजुरी जरूर द्या, पण बिलावर ‘मजुरी’ असेच लिहून घ्या. वर्गणी घेत असाल तर खाते स्वतःच्या ईमेलवर उघडा. मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करत आहे. असेच ‘कमर्शियल लायसन्स’चे बिल ज्यांच्याकडे असेल, त्यांनी ते फाडू नये.