डाय पॅकेजसाठी वाइंडिंग: ग्रूव्ह ड्रम की प्रिसिजन?

सोलापूरच्या टॉवेल-चादरीला सूत रंगवून लागतं. त्यासाठी भोकांच्या ट्यूबवर सॉफ्ट पॅकेज, म्हणजे रंगाचं पाणी आरपार जाईल असा सुताचा सैल गुंडा, गुंडाळायला कोणतं मशीन घ्यावं, एवढाच इथे प्रश्न आहे. कच्च्या सुताचे कोन भरून सरळ वार्पिंगला (ताणा तयार करायला) पाठवायचे असतील तर डोकं खपवू नका, ड्रम घ्या. स्वस्त पडतो, वेग जास्त देतो आणि ड्रमवरची खाचच सूत इकडून तिकडे नेत असल्याने बदलायचे भागही कमी.

रंगाई आली की मात्र हिशेब बदलतो.

ड्रम पॅकेजला टेकून त्याला फिरवतो. त्यामुळे सुताचा वेग आणि तिरकेपणा कायम राहतो, पण पॅकेज जाड होईल तसे सूत एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाऊन परत येईपर्यंतचे त्याचे फेरे कमी होत जातात. एका बाजूला दोन वळणं, म्हणजे जाऊन-येऊन ड्रमचे चार फेरे, असलेला ८० मिमीचा ड्रम धरा: ४ गुणिले ८० म्हणजे ३२०, भागिले पॅकेजचा व्यास, की पॅकेजचे फेरे मिळतात. ८० मिमीला उत्तर ४, १०७ च्या आसपास ३, १६० ला २. उत्तर पूर्ण आकड्यात आलं की नवं सूत जुन्या सुताच्या डोक्यावरच बसतं आणि रिबन पडते. वरून तिरका, चकाकता पट्टा दिसतो, बोटाला कडक लागतो. रंगाचं पाणी सैल जागेतून निघून जातं आणि पट्ट्यातलं सूत फिकं राहतं. हे कळतं कधी, तर माल मागावर चढल्यावर. तोवर रंगाईचा खर्च होऊन गेलेला असतो.

यावर अँटी-रिबनची सोय असते: ड्रमचा वेग सतत थोडा वर-खाली करायचा, म्हणजे पॅकेज घसरतं आणि जुळलेले फेरे मोडतात. सोय चांगली आहे. पण मशीनवर प्रत्येक पॅकेजचं वेगळं हेड असतं. एका हेडच्या क्रेडलचं (पॅकेज धरणाऱ्या हाताचं) बेअरिंग जड, दुसऱ्याचा दाब कमी, असं झालं की प्रत्येक हेडचं घसरणं वेगळं आणि एकाच लॉटमध्ये दोन जातीची पॅकेजं. माझं मन ड्रमवरून उडालं ते इथेच.

प्रिसिजनमध्ये पॅकेज फिरवणारा स्पिंडल आणि सूत इकडून तिकडे नेणारा गाईड एकमेकांना बांधलेले असतात. फेऱ्यांचं प्रमाण पूर्ण आकड्यापासून किंचित बाजूला ठेवलेलं असतं, ते शेवटपर्यंत बदलत नाही. रिबन पडायला जागाच नाही. त्याचीही दुखणी आहेत. व्यास वाढेल तसं सूत आडवं पडत जातं आणि बाहेरचे थर घट्ट होतात, म्हणून ताण हळूहळू उतरवावा लागतो. गाईड वळतो तिथे कडा कडक होतात. कडेला स्ट्रोक (गाईडची धाव) दोन-चार मिमी मागेपुढे करायची सोय नसेल तर ते मशीन घेऊच नये. सिरॅमिक गाईडला, विशेषतः पॉलिस्टर मिश्रणावर, चीर पडते. नख फिरवून पाहा, अडकलं तर बदला, नाहीतर सुताला लव सुटते. गाईड हलवणाऱ्या कॅम बॉक्सचं ऑइल सील गळलं तर सुतावर डाग. वेगही ड्रमपेक्षा कमीच.

कॉटनसाठी घनता दर घन सेंमीला साधारण ०.३६ ते ०.४० ग्रॅम धरतात. वजन करून सरासरी काढली तर दोन्ही मशीनवर ती बरोबर बसू शकते, कारण रिबन सरासरीत लपते. पॅकेजवर अंगठा दाबत फिरवला की ती सापडते. माझा अंगठा तरी प्रिसिजनच्या बाजूने आहे. कमी वेगाची भरपाई रंगाई परत न करावी लागण्यात होते, असं मला वाटतं.

तरीही ड्रमच घ्यायचा असेल तर डेमोला आपलं सूत न्या, त्या ड्रमच्या व्यासावरून वरचा हिशेब करा आणि उत्तर ३ व २ येईल त्या जाडीला मशीन थांबवायला सांगा. एका हेडवर नको, चार-पाच हेडवर पाहा.