लॅबिरिंथ चालायचाय? शार्त्र, सॅन फ्रान्सिस्को की घरामागची मोकळी जागा

डोळे मिटून बसलं की ज्यांना आणखीच विचार सुचतात, अशा माणसांना हल्ली कुणी ना कुणी लॅबिरिंथ, म्हणजे जमिनीवर आखलेली वळणावळणाची वाट, चालायला सुचवतं. युरोपची सहल ठरत असेल तर फ्रान्समधल्या शार्त्र गावच्या कॅथेड्रलचं, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चचं, नाव निघतं. मुलांकडे कॅलिफोर्नियात सहा महिने राहायला आलेल्या आईबाबांना सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रेस कॅथेड्रलचा पत्ता मिळतो. आणि कुठेच जायचं नसेल, तर दगड किंवा चुन्याने घराजवळ आखता येणारा सात वेढ्यांचा जुना नमुना आहेच. तिन्ही ठिकाणी चालणं तेच असलं तरी हाती येतं ते बरंच वेगळं.

आधी एक गैरसमज काढून टाकू: लॅबिरिंथ म्हणजे भुलभुलैया नव्हे. लखनौच्या बड्या इमामबाड्यातल्या भुलभुलैयात माणूस चुकतो, कारण तिथे फाटे आहेत. लॅबिरिंथमध्ये फाटाच नसतो. तोंडापासून मध्यापर्यंत एकच वाट, तीच परतीची. वाट कितीही वळसे घेवो, चुकायची सोय नाही. पुढे कुठे जायचं हे ठरवावं लागत नाही, पण वळणं इतकी जवळजवळ असतात की पायांकडे लक्ष द्यावंच लागतं. मन शांत होत असेल तर ते याच जोडीमुळे, असं मला वाटतं. दगडांखालच्या ऊर्जेच्या आणि लोलक फिरवून जागा शोधण्याच्या गोष्टी या विषयाभोवती पुष्कळ फिरतात. चालण्यासाठी त्यांची काही गरज नाही.

शार्त्र: शुक्रवार साधता आला तरच

शार्त्रचा लॅबिरिंथ तेराव्या शतकाच्या सुरुवातीला कॅथेड्रलच्या फरशीतच बसवला गेला. ११ वेढे, व्यास जवळजवळ १३ मीटर, आणि वाटेची लांबी सुमारे २६१ मीटर. सावकाश चाललं की आत जाऊन परत यायला अर्धा-पाऊण तास सहज लागतो. मध्यभागी सहा पाकळ्यांचं फूल आहे. त्या जागी पूर्वी तांब्याचा पत्रा होता. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत तो तोफा ओतण्यासाठी उखडून नेला, खिळ्यांची टोकं मात्र अजून फरशीत आहेत.

त्याची आखणी फार हुशार आहे. आत शिरल्यावर थोड्याच वेळात वाट तुम्हाला मध्याला खेटून नेते. पोहोचलोच, असं वाटतं. मग ती दूर नेते, एका चतुर्थांशातून दुसऱ्यात ढकलते, आणि अगदी शेवटी, मध्यात शिरण्याच्या जरा आधी, पार बाहेरच्या कडेवर आणून सोडते. आपण सर्वांत लांब आलो असं वाटतं तेव्हा खरं तर दोन-तीन वळणंच उरलेली असतात. हे कळायला कुणाच्या प्रवचनाची गरज पडत नाही.

अडचणी मात्र खऱ्या आहेत. एरवी लॅबिरिंथवर खुर्च्या मांडलेल्या असतात. ईस्टरआधीच्या उपवासकाळापासून शरद ऋतूपर्यंत बहुतेक शुक्रवारी त्या हलवतात आणि वाट मोकळी होते. त्यामुळे 'पॅरिसहून एका दिवसात करू' म्हणणाऱ्यांनी तो दिवस शुक्रवार आहे ना, आणि त्या शुक्रवारी लॅबिरिंथ खुला आहे ना, हे कॅथेड्रलच्या संकेतस्थळावर आधी पाहावं. पॅरिसच्या मोंपार्नास स्थानकावरून रेल्वेने तासा-सव्वा तासाचा प्रवास आहे. कॅथेड्रलमध्ये जायला तिकीट नाही. दुसरी अडचण गर्दीची. वाट वीतभर-दीड वीत रुंद, जाणारे-येणारे एकाच वाटेवर, त्यामुळे समोरासमोर आलं की एकाने बाजूला व्हायचं. मध्येच कुणी फोटोसाठी आडवं चालत जातं. एकांत हवा असेल तर शार्त्र निराश करेल.

शार्त्रबद्दल सर्रास सांगितली जाणारी एक गोष्ट जरा सांभाळून घ्यावी. जेरुसलेमला जाऊ न शकणारे मध्ययुगीन यात्रेकरू त्याऐवजी हा लॅबिरिंथ गुडघ्यांवर चालायचे, असं गाइड सांगतात. कल्पना सुंदर आहे, पण त्या काळातला तसा लेखी पुरावा नाही. 'जेरुसलेमची वाट' हे नाव बऱ्याच नंतर रूढ झालं. लेखी पुरावा आहे तो ओसेर या फ्रेंच गावचा, आणि तो मजेदार आहे: ईस्टरला तिथले पाद्री लॅबिरिंथवर फेर धरून नाचत आणि एकमेकांकडे चेंडू टाकत. रीम्सच्या कॅथेड्रलमधला लॅबिरिंथ तर अठराव्या शतकात काढूनच टाकला, कारण मुलं त्यावर धावून प्रार्थनेत गोंगाट करायची. म्हणजे आपण आज ज्या गंभीर चेहऱ्याने चालतो, ती रीत तितकी जुनी नाही.

ग्रेस कॅथेड्रल: नवशिक्यांसाठी सर्वांत सोपं

ती रीत घडली मुख्यतः सॅन फ्रान्सिस्कोत. ग्रेस कॅथेड्रलमधल्या धर्मगुरू लॉरेन आर्ट्रेस १९९१ मध्ये शार्त्रला गेल्या, खुर्च्या बाजूला करून चालल्या, आणि परत येऊन त्यांनी कापडावर तोच नमुना रंगवून घेतला. लोकांची रीघ लागली. १९९५ मध्ये बाहेरच्या अंगणात कायमचा लॅबिरिंथ झाला, नंतर आतल्या फरशीतही एक बसवला. चालण्याचे तीन टप्पे त्यांनीच लोकप्रिय केले: आत जाताना सोडायचं, मध्यात थांबून स्वीकारायचं, परत येताना ते सोबत घेऊन यायचं. आज जगभरातल्या रुग्णालयांत, विद्यापीठांत आणि बागांत जे लॅबिरिंथ दिसतात, त्यांतल्या बऱ्याचशांचं मूळ इथे आहे.

नमुना शार्त्रचाच, पण शुक्रवारची अट नाही. अंगणातल्या लॅबिरिंथला तिकीट लागत नाही आणि सकाळी लवकर गेलं तर तो बऱ्याचदा रिकामा मिळतो. मेणबत्त्यांच्या उजेडात, संगीताच्या साथीने चालण्याचे कार्यक्रमही आत होतात. माझ्या मते पहिल्यांदा जाणाऱ्याने ते टाळावेत. वातावरणच इतकं भारावून टाकतं की आपल्याला जे वाटलं ते चालण्याने की सजावटीने, हे कळत नाही. सॅन फ्रान्सिस्कोतच समुद्राकाठी लँड्स एंडच्या कड्यावर एका कलाकाराने २००४ मध्ये दगडांचा लॅबिरिंथ रचला. देखावा अप्रतिम, पण तो अनेकदा उधळला गेला आहे, तेव्हा जाल त्या दिवशी असेलच याची खात्री नाही.

शार्त्रमध्ये मिळतं आणि इथे नाही ते म्हणजे आठशे वर्षांची झिजलेली फरशी आणि वरच्या रंगीत काचांतून पडणारा निळा उजेड. ज्यांच्यासाठी ही यात्रा आहे, त्यांना हा फरक मोठा वाटेल. ज्यांना चालण्याची सवय लावायची आहे, त्यांच्यासाठी तो फारसा नाही.

सात वेढे, घरचे

शार्त्रच्या किती तरी आधीपासून सात वेढ्यांचा नमुना चालत आला आहे. ग्रीसमध्ये पायलोस इथे सापडलेल्या, सुमारे ३,२०० वर्षांपूर्वीच्या मातीच्या पाटीवर तो आहे, क्रीटच्या नाण्यांवर आहे, स्कँडिनेव्हियाच्या किनाऱ्यावर दगडांत मांडलेला आहे. आणि तो आपल्याकडेही आहे. गोव्यात सांगे तालुक्यात उसगाळीमळला, कुशावती नदीकाठच्या जांभ्या खडकावर लॅबिरिंथ कोरलेला आहे. सोलापूर जिल्ह्यात बोरामणीच्या माळावर १५ वेढ्यांची गोल दगडी रचना असल्याच्या बातम्या २०२५ च्या अखेरीस आल्या. दोन्ही बघायला जा, चालायला नको. पहिला खडकावरचं चित्र आहे, दुसऱ्याचे दगड पायाने हलले तर अभ्यासाचंच नुकसान.

चालायला स्वतः आखा. ठिपक्यांची रांगोळी ज्यांनी काढली आहे त्यांना हे अजिबात अवघड नाही. मध्ये अधिकचं चिन्ह, त्याच्या चार खणांत चार काटकोन, आणि बाहेरच्या चार कोपऱ्यांत चार ठिपके. आता अधिकच्या वरच्या टोकापासून लगतच्या उजव्या काटकोनाच्या टोकापर्यंत कमान काढायची. मग डावीकडचं पुढचं मोकळं टोक आणि उजवीकडचं पुढचं मोकळं टोक जोडायचं, आधीच्या कमानीवरून (ठिपकाही टोकच धरायचा). अशा आठ कमानी झाल्या की सात वाटा तयार. वाट दीड फूट रुंद ठेवली तर साधारण २४ फूट लांब-रुंद जागा पुरते. आधी कागदावर काढून बघा, मग दोरीने जमिनीवर. सोसायटीच्या गच्चीवर खडूनेही होतं. पावसात पुसलं की पुन्हा काढायचं, एवढंच.

बाहेरून मोजलं तर वाट आधी तिसऱ्या वेढ्यात शिरते, मग दुसऱ्या, पहिल्या, चौथ्या, सातव्या, सहाव्या आणि पाचव्या वेढ्यातून मध्यात. चार-पाच मिनिटांत आत पोहोचता. शार्त्रचा फसवा शेवट इथे तितका जाणवत नाही, पण रोज दूध आणायला जायच्या आधी चालता येतं. हा फायदा मला इतर सगळ्यांपेक्षा मोठा वाटतो. एकदा शार्त्रला जाऊन आलेल्यापेक्षा महिनाभर गच्चीवर चाललेल्या माणसाला या साधनेची जास्त कल्पना येते.

पण मग प्रदक्षिणा काय वाईट?

काहीच नाही, आणि ज्यांचं मन तिथे रमतं त्यांनी बदलायचं कारण नाही. फरक मात्र आहेत. प्रदक्षिणेत देव कायम उजव्या हाताला असतो, दिशा बदलत नाही, आणि आपण मध्यात शिरत नाही. लॅबिरिंथमध्ये प्रत्येक वळणाला दिशा उलटते, म्हणजे अर्धं चालणं उलट्या दिशेचं असतं. घरातल्या मोठ्या माणसांना ते खटकू शकतं. आधी सांगून ठेवलेलं बरं. प्रदक्षिणेला जोडीला नामस्मरण असतं, लॅबिरिंथला ठरलेला मंत्र नाही. कुणी म्हणत असेल तर चालतं. वारीशी तुलना केली तर अंतर आणखी वाढतं. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटर, आणि सगळी ताकद अभंगाची आणि दिंडीतल्या सोबतीची. लॅबिरिंथमध्ये शेजारच्या वाटेवर कुणी असलं तरी तुम्ही एकटेच. ज्याला माणसांत मोकळं व्हायचं आहे त्याने आषाढाची वाट बघावी.

मोठी यात्रा छोट्या जागेत आणण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. काशीची पंचक्रोशी पायी करणं ज्यांना झेपत नाही, ते शहरातल्या पंचक्रोशी मंदिराला फेरी घालतात.

राहिला शरीराचा प्रश्न. लॅबिरिंथमध्ये जागेवरच पूर्ण मागे वळावं लागतं, तेही पुन्हा पुन्हा. गुडघे दुखत असतील तर शार्त्रच्या अरुंद वाटेपेक्षा घरी तीन फूट रुंद वाट आखलेली बरी. जागा मात्र दुप्पट लांब-रुंद लागेल. चक्कर येणाऱ्यांनी वेग अगदी कमी ठेवावा, आणि एक वळण घेतल्यावर दोन श्वास थांबावं. मध्येच बाहेर यायचं असेल तर सरळ रेषा ओलांडून या, कुणी काही म्हणत नाही.

ज्यांना चालणं शक्यच नाही त्यांच्यासाठी लाकडात किंवा मातीत कोरलेला हातात धरायचा लॅबिरिंथ असतो. बोटाने वाट काढायची. उजव्या हाताचा माणूस असाल तर डावं बोट वापरा, म्हणजे आपोआप सावकाश होतं. विकत घ्यायचीही गरज नाही. वरचाच नमुना जाड पुठ्ठ्यावर डिंकाने दोरी चिकटवून संध्याकाळभरात तयार होतो.