सॅक्सन-एचई: पाककृतीच्या मजकुरातून साहित्य सुटं करताना

‘मटण १ किलो’, मग ‘बीआर’ (ओळ तोडायची खूण), ‘कांदा-लसूण चटणी ३ चमचे’, पुन्हा ‘बीआर’, आणि मध्येच एखादा शब्द ठळक. कोल्हापुरी पाककृतींच्या छपाईच्या फायली एक्सएमएलमध्ये (खुणांनी बांधलेल्या मजकुराच्या स्वरूपात) आल्या की तांबड्या रश्श्याचं सगळं साहित्य असं एकाच परिच्छेदात कोंबलेलं असतं. त्यातून नाव, माप, एकक वेगळं काढायचं तर सॅक्सन-एचई हा प्रोसेसरच घ्या. मोफत आहे आणि एक्सएसएलटी (एक्सएमएलचं रूप बदलायची भाषा) ३.० चालवतं. एक्सएसएलटीप्रॉक हा दुसरा प्रोसेसर १.० वरच थांबलेला आहे.

आधी ‘फॉर-ईच-ग्रुप’ या गट पाडणाऱ्या सूचनेला ‘ग्रुप-स्टार्टिंग-विथ’ देऊन ‘बीआर’वर ओळी पाडा. ‘सिलेक्ट’मध्ये नुसती चांदणी टाकली तर फक्त एलिमेंट (खुणांनी बांधलेले भाग) येतात आणि मजकूर गळतो, तिथे ‘नोड()’ हवं. ‘बीआर’ ठळक एलिमेंटच्या आत असेल तर ओळ तुटणार नाही. त्यासाठी आधी एक वेगळी फेरी करून ठळक एलिमेंटचे दोन तुकडे करा. नुसत्या मोकळ्या जागेचे तुकडे दिसले म्हणून ते काढणारं ‘स्ट्रिप-स्पेस’ लावू नका. दोन ठळक शब्दांमधली जागाही ते खातं आणि शब्द चिकटतात.

मग मजकुरात नमुने शोधणारं ‘ॲनालाइझ-स्ट्रिंग’, पण एकेका टेक्स्ट नोडवर (खुणांमधल्या मजकुराच्या तुकड्यावर). अख्ख्या ओळीवर चालवलं तर ठळकपणा जातो.

मराठी मजकुरात खरी कसोटी इथेच लागते. ‘बॅकस्लॅश-डी’ला (नमुन्यात ‘कुठलाही अंक’) देवनागरी अंक सापडतात, हे फार सोयीचं. पण ‘३’ला ‘नंबर’ फंक्शन दिलं तर ‘नॅन’ (‘ही संख्या नाही’) येतं. आधी ‘ट्रान्सलेट’नं अंक बदला. फक्त अक्षरांचा वर्ग शोधलात तर काना-मात्रा सुटतात, कारण युनिकोडमध्ये त्या खुणांच्या वर्गात मोडतात. ‘अर्धा’, ‘दीड’, ‘पाव’ नमुन्यात पर्याय म्हणून लिहावेच लागतात. त्यातही ‘पाव किलो’ हे माप, तर मिसळीच्या यादीतला ‘पाव ८’ हा पदार्थ! इथल्या रेजेक्समध्ये (नमुने लिहायच्या भाषेत) पुढचं डोकावून पाहायची सोय नाही, म्हणून माप आणि एकक एकाच नमुन्यात दोन गट करून पकडा. अंकांची संख्या महिरपी कंसात देणार असाल तर कंस दुहेरी लिहा, नाहीतर प्रोसेसर आतला भाग एक्सप्रेशन समजतो.

सॅक्सन जावावर चालतं आणि जावा सुरू व्हायला वेळ लागतो. शेकडो छोट्या फायली असतील तर एकेक न देता इनपुट आणि आउटपुट दोन्हीकडे फोल्डरच द्या. सॅक्सन १२ मध्ये मुख्य जार फाइलशेजारचं ‘लिब’ फोल्डर जागेवरच राहू द्या. स्ट्रीमिंग (मोठी फाइल अख्खी मेमरीत न घेता वाचणं) मात्र एचईत मिळत नाही, त्यासाठी सशुल्क ईई आवृत्ती लागते.