छापील कापड की चिंध्यांची सतरंजी? नॉर्डिक घरसजावटीतली निवड

नॉर्डिक देशांचे कापड घरात आणायचे असे ठरवले की निवड ढोबळमानाने दोन घराण्यांत करावी लागते. पहिले घराणे छपाईचे आहे. त्यात मोठमोठ्या फुलांचे, पट्ट्यांचे आणि ठिपक्यांचे सुती किंवा लिननचे कापड येते, जे मीटरवर विकत मिळते आणि ज्याची नाळ थेट फॅशनशी जुळलेली आहे. दुसरे घराणे विणीचे आहे. त्यात चिंध्यांच्या सतरंज्या, लांब लवेचे गालिचे आणि लोकरीच्या घोंगड्या येतात आणि त्यांची मुळे शेतकऱ्यांच्या घरांत आहेत. फिनलंड काटेकोर अर्थाने स्कँडिनेव्हियात मोडत नाही, परंतु कापडाच्या बाबतीत त्याला वगळून हा विषय मांडताच येत नाही, म्हणून येथे तो धरला आहे. निवड करताना बहुतेक जण फक्त रंग आणि किंमत पाहतात. त्या कापडावर आपण स्वतः हाताने काय काम करणार आहोत, हा प्रश्न त्याआधी विचारावा असे माझे मत आहे, कारण काही कापड कापले की त्याचा जीव जातो आणि काही वस्तू मुळातच कापलेल्या कापडातून जन्माला येतात.

छपाईच्या घराण्यात पहिले नाव अर्थातच फिनलंडच्या मारिमेक्कोचे घ्यावे लागते. विल्यो रातिया यांनी हेलसिंकीत मेणकापडाचा कारखाना घेतला होता. त्यांच्या पत्नी आर्मी रातिया यांनी तरुण कलाकारांकडून कापडासाठी धीट नक्ष्या काढून घेतल्या. लोकांना त्या आवडत होत्या, परंतु अशा कापडाचे करायचे काय, हे त्यांना उमगत नव्हते. यावर उपाय म्हणून मे १९५१ मध्ये त्याच कापडाचे कपडे शिवून हेलसिंकीत फॅशन शो करण्यात आला आणि त्यातूनच मारिमेक्कोची स्थापना झाली. म्हणजे येथे पोशाख हा कापडाचा वापर दाखवण्यासाठी आला, आणि आजही त्यांची एकच नक्षी झग्यावर, पडद्यावर आणि मेजपोशावर सारख्याच अधिकाराने वावरते. १९६० मध्ये जॅकलिन केनेडी यांनी पतीच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या धामधुमीत हे झगे विकत घेतले, त्यांतल्या एका झग्यातले त्यांचे छायाचित्र अमेरिकी क्रीडा साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर आले आणि हे नाव अटलांटिकपार पोचले.

या कापडाचा स्वभाव समजून घ्यायचा असेल तर दोन नक्ष्या शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. वुओक्को नुर्मेसनिएमी यांची १९५३ सालची ‘पिक्कोलो’ ही नक्षी म्हणजे हाताने ओढल्यासारखे दिसणारे, किंचित थरथरते उभे पट्टे. त्यात दोन रंग जेथे एकमेकांवर चढतात तेथे तिसरा रंग तयार होतो. १९५६ मध्ये या पट्ट्यांचा ‘योकापोइका’ नावाचा सदरा आला आणि तो आजतागायत निघतो आहे. याउलट मैया इसोला यांची १९६४ ची ‘उनिक्को’ ही खसखशीच्या फुलांची नक्षी. आपण फुलांची नक्षी काढणार नाही असे आर्मी रातिया यांनी जाहीर केले होते आणि इसोला यांनी नेमकी तीच काढून दाखवली. तिचे मूळ आकारातले एकेक फूल इतके मोठे आहे की उशीच्या साध्या अभ्र्यावर ते धड मावत नाही.

घरी शिवणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक फार महत्त्वाचा ठरतो. पट्टे कोठेही कापले तरी पट्टेच राहतात, त्यामुळे ‘पिक्कोलो’च्या जातीच्या कापडातून अभ्रे, पिशव्या, ॲप्रन आणि खुर्चीच्या गाद्या खुशाल शिवाव्यात. मूळ आकारातले ‘उनिक्को’ मात्र अखंडच ठेवावे. अभ्रेच शिवायचे असतील तर त्याच नक्षीचे लहान आकारातले कापड वेगळे मिळते, ते घ्यावे. मोठ्या नक्षीसाठी सर्वांत सोपी आणि देखणी हस्तकला म्हणजे लाकडी चौकटीवर कापड ताणणे. चौकटीच्या चारही बाजूंना सहा-सात सेंटिमीटर कापड जास्त ठेवावे, आधी इस्त्री करावी, आणि पिना मारताना कोपऱ्यापासून सुरुवात न करता प्रत्येक बाजूच्या मध्यापासून कोपऱ्यांकडे जावे. एक पिन वर मारली की दुसरी तिच्या बरोबर समोर खाली मारावी, म्हणजे कापडाचा आडवा-उभा धागा तिरका होत नाही. कोपरे सर्वांत शेवटी दुमडावेत. या कापडाच्या काठावर नक्षीचे नाव, कलाकाराचे नाव, साल आणि वापरलेल्या रंगांचे लहान ठसे छापलेले असतात. तो काठ कापून टाकू नये. चौकटीच्या मागे दुमडताना तो दिसेल असा ठेवला, किंवा पडद्याच्या खालच्या कडेला मुद्दाम राखला, तर ज्याला कापड कळते त्याची नजर आधी तेथेच जाते.

स्वीडनमध्ये छपाईचा दुसरा, अगदी वेगळा वळसा दिसतो. एस्ट्रिड एरिक्सन यांनी १९२४ मध्ये स्टॉकहोमला स्वेन्स्क्त तेन्न हे दुकान काढले आणि ऑस्ट्रियात जन्मलेले वास्तुरचनाकार योसेफ फ्रांक १९३४ मध्ये तेथे रुजू झाले. ज्यू असलेल्या फ्रांक यांनी आदल्याच वर्षी ऑस्ट्रिया सोडला होता. त्यांनी दीडशेच्या आसपास कापडनक्ष्या केल्या, त्यांतल्या पुष्कळशा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात न्यूयॉर्कमध्ये राहत असताना. त्यांच्या लिननवर एकाच फांदीला दहा जातींची फुले, फळे, पक्षी आणि फुलपाखरे लगडलेली असतात. एकरंगी पृष्ठभागाने डोळ्यांना अस्वस्थता येते आणि भरगच्च नक्षीने उलट शांत वाटते, असे त्यांचे म्हणणे होते. ‘नॉर्डिक घर म्हणजे पांढऱ्या भिंती आणि करडा सोफा’ अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी हे आवर्जून लक्षात घ्यावे.

मारिमेक्को आणि फ्रांक यांच्यात निवड करताना एक गोष्ट मला निर्णायक वाटते. ‘उनिक्को’त नक्षी कोठे पुन्हा सुरू होते ते लगेच कळते, तर फ्रांक यांच्या नक्षीत ती जागा शोधूनही चटकन सापडत नाही. त्यामुळे हे लिनन कोठूनही कापले तरी प्रत्येक तुकडा पूर्ण चित्रासारखा दिसतो, आणि उरलेल्या कापडातून दिव्याची छत्री किंवा छोटा अभ्रा सहज होतो. अडचण किमतीची आहे. मीटरचा भाव सुती छापील कापडापेक्षा बराच चढा असतो, म्हणून ज्याचा कात्रीवर हात बसलेला नाही त्याने यावर शिकू नये. लिनन पहिल्या धुण्यात आटते, सुरकुतते आणि कडेने चटकन विरते. म्हणून धुऊन चालणारे लिनन आधी धुऊन मगच कापावे आणि शिवणीला जागा सढळ सोडावी. या दोन टोकांच्या मध्ये स्वीडिश रचनाकार गुड्रुन शेदेन यांचे दुकान आहे. १९७६ पासून त्या एकाच रंगसंगतीत कपडे आणि घरातले कापड काढत आल्या आहेत. अंगावरचा रंग घरात आणण्याची हौस असेल आणि शिवणकाम करायचे नसेल, तर हा मार्ग सुटसुटीत आहे.

आता विणीच्या घराण्याकडे वळू. येथे खरी श्रीमंती चिंध्यांच्या सतरंजीत आहे, जिला स्वीडनमध्ये ट्रासमत्ता म्हणतात. ती दिसते तितकी प्राचीन नाही. एकोणिसाव्या शतकात गिरणीचे सूत आणि तयार कापड स्वस्त झाले, तेव्हा कोठे जीर्ण कपडे जमिनीवर अंथरणे सामान्य घरांना परवडू लागले. उभा धागा सुताच्या पिळदार दोऱ्याचा आणि आडवा भरणा जुन्या चादरी, सदरे आणि झगे यांच्या दीड-दोन सेंटिमीटर रुंद पट्ट्यांचा असतो. पट्ट्या कात्रीने कापण्यापेक्षा धाग्याच्या रेषेत फाडाव्यात, म्हणजे रुंदी सारखी राहते. टी-शर्टसारखे ताणले जाणारे कापड मात्र कापावेच लागते. एक पट्टी संपून दुसरी सुरू होते तेथे दोन्ही टोके तिरकी छाटून एकमेकांवर ठेवली की गाठीचा उंचवटा येत नाही. सगळी विद्या अशा बारीकसारीक गोष्टींत आहे. बाकी काम संयमाचे आणि रंग जुळवण्याचे.

फॅशनचे नाते येथेही आहे, फक्त ते उलट्या दिशेने येते: घालून जुना झालेला पोशाख सतरंजीत उतरतो. स्वीडनमधील सुंडबोर्न गावच्या घरात चित्रकार कार्ल लार्सन यांच्या पत्नी कारीन लार्सन (१८५९–१९२८) यांनी हेच दोन्ही अंगांनी केले. त्या स्वतः चित्रकलेचे शिक्षण घेतलेल्या होत्या. स्वतःसाठी आणि मुलांसाठी त्यांनी सैल, वावरायला सोयीचे झगे आणि ॲप्रन बेतले, आणि घरासाठी पडदे, मेजपोश, उशा विणल्या. दोघांच्या शयनगृहांमधल्या दारावर त्यांनी विणलेला गुलाबाचा पडदा त्या काळाच्या मानाने थक्क करणारा आहे. आज ज्याला स्वीडिश घराची शैली म्हटले जाते तिचा मोठा वाटा या बाईंच्या हातचा आहे आणि त्याचे श्रेय बहुधा पतीच्या चित्रांना मिळते, हे मला खटकते.

टिकाऊपणात सतरंजी छापील कापडाला सहज मागे टाकते. मळ दिसत नाही, उलटून वापरता येते, एखादी पट्टी फाटली तर ओवून नवी घालता येते. फिनलंडमध्ये उन्हाळ्यात सतरंज्या धुणे हा चक्क सामाजिक कार्यक्रम असतो: हेलसिंकीत किनाऱ्यालगत त्यासाठी सार्वजनिक धक्के आणि धुण्याच्या जागा आहेत, जेथे पाइनच्या साबणाने ब्रशने घासून, पिळण्याच्या रुळांतून काढून सतरंज्या दांड्यांवर वाळत घालतात. धुण्याचे पाणी समुद्रात जाऊ नये म्हणून आता यांतल्या काही जागा किनाऱ्यावर सरकवल्या जात आहेत. मारिमेक्कोच्या मैया लोउएकारी यांनी याच सतरंजीवरून २००९ मध्ये ‘रॅसुमात्तो’ ही ठिपक्यांची नक्षी केली, म्हणजे शेतघरातली वस्तू पुन्हा छपाईच्या घराण्यात पोचली.

लांब लवेचा ‘रिया’ गालिचा पूर्वी अंथरण्याचा नव्हे तर पांघरण्याचा होता, आणि ऊब मिळावी म्हणून लव अंगाच्या बाजूला ठेवत. हातमाग नसलेल्यांना तयार जाळीवर सुईने गाठी मारून तो घरी करता येतो. काम सोपे पण अतिशय संथ आहे, म्हणून पहिल्यांदा उशीएवढाच करावा.

लोकरीच्या घोंगडीला काही करावे लागत नाही, ती घडी घालून सोफ्यावर टाकली की झाले. नॉर्वेतील रोरोस या तांब्याच्या खाणींच्या जुन्या गावात १९४० पासून चालणाऱ्या कारखान्यातल्या घोंगड्या नॉर्वेतल्याच मेंढ्यांच्या लोकरीच्या असतात आणि पिढीभर टिकतात. हाताला काम हवे असेल तर नॉर्वेजियन स्वेटरकडे पाहावे. सेल्बू भागातली आठ पाकळ्यांची चांदणी किंवा उन सोयलान्ड यांची १९५३ ची ‘मारियस’ नक्षी असलेला, भोके पडलेला जुना स्वेटर गरम पाण्यात मशीनमध्ये धुतला की लोकर घट्ट जमते, कापली तरी उसवत नाही आणि तिचा उत्तम अभ्रा होतो. न आटणारी म्हणून प्रक्रिया केलेली लोकर मात्र अशी जमत नाही, त्यामुळे लेबल आधी वाचावे.

निवडीचे उत्तर आपण कोठे राहतो यावरही अवलंबून आहे. डिसेंबराच्या उत्तरार्धात हेलसिंकीत दिवस सहा तासांहून लहान असतो. पांढऱ्या भिंतीवरच्या लालभडक फुलांची तेथे डोळ्यांना खरोखर गरज असते. स्टॉकहोम किंवा गोथेनबर्गमध्ये भाड्याने राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी चौकटीवर ताणलेले कापड आणि सतरंजी या दोनच गोष्टींनी सुरुवात करावी, कारण घर बदलताना कापड चौकटीवरून काढले की दोन्ही गुंडाळून नेता येतात. तेथील जुन्या वस्तूंच्या दुकानांत विणलेल्या सतरंज्या कमी किमतीत मिळतात, आणि अनेक गावांत सामुदायिक विणकाम-खोल्यांत मागावर बसायलाही मिळते.

पुण्या-मुंबईकडे घर असेल तर लोकर टाळावी. पावसाळ्यातली दमट हवा आणि कसर यांच्यापुढे ती टिकत नाही. पश्चिमेच्या खिडकीवर छापील सुती पडदा लावायचा असेल तर मागे अस्तर द्यावे, नाहीतर रंग दोन-तीन उन्हाळ्यांत विटतो. सतरंजी मात्र येथे आणायचीच गरज नाही. पानिपतसारख्या ठिकाणच्या हातमागांवरून चिंध्यांच्या दऱ्या युरोपात जातात, आणि गोधडीसाठी जुनी सुती लुगडी राखून ठेवणाऱ्या घरांत भरण्याचा मालही तयार असतो. गोधडीत लुगडे सपाट थरांनी राहते, सतरंजीत त्याची पट्टी होते, एवढाच फरक. नऊवारी लुगड्याच्या काठाची पट्टी वेगळी ठेवून ती ठरावीक अंतराने भरली तर रंगांची ओळ आपोआप तयार होते.

लहान मुले असतील तर जेवणाच्या मेजावर लेप दिलेले, पुसता येणारे छापील कापड घ्यावे, आणि मुलांच्या खोलीसाठी कात्सुजी वाकिसाका यांची १९७५ ची ‘बो बू’ ही मोटारींची नक्षी पाहावी, जी मोठ्यांनाही कंटाळा आणत नाही. पैसे एकाच गोष्टीवर खर्च करायचे असतील तर मी चांगल्या विणलेल्या सतरंजीवर करीन आणि मोठ्या नक्षीच्या सुती कापडाचा दीड मीटर नंतर घेईन. फ्रांक यांचे लिनन घ्यायचेच असेल तर पडद्याइतके न घेता एका अभ्र्यापुरते घ्यावे, आणि त्याची पाठ साध्या लिननची शिवावी, म्हणजे खर्च निम्म्यावर येतो.