ब्लॅक पँथरचा स्कोअर अल्बम, हेडफोन लावूनच ऐका प्लीज

आधी एक क्लिअर करतो, ब्लॅक पँथर (मार्व्हलचा सुपरहिरो पिक्चर) म्हणून सर्च केलं की दोन अल्बम येतात, दोन्ही 2018 चे. एक केंड्रिक लमारचा रॅपवाला, तोही जबरदस्त आहे, पण मी बोलतोय लुडविग गोरान्सनच्या बॅकग्राउंड म्युझिकबद्दल, ज्याला 2019 ला ऑस्कर मिळालं. बरेच जण रॅपवाला ऐकून तिथेच थांबतात आणि मला खरंच वाईट वाटतं.

माणूस मूळचा स्वीडनचा. पिक्चर हातात आल्यावर तो सरळ सेनेगलला गेला, तिथला मोठा गायक बाबा माल याच्यासोबत टूरवर फिरला, आणि तिथे त्याला तामा भेटला. तामा म्हणजे डमरूसारखं मधे बारीक वाद्य, काखेत धरायचं, दोऱ्या दाबल्या की सूर चढतो, सैल सोडल्या की उतरतो, म्हणजे ते अक्षरशः बोलतं. आपल्याकडे जोगत्यांचं चौंडकं कुणी समोर बसून ऐकलं असेल तर त्याला लगेच कळेल मी काय म्हणतोय, वाद्य वेगळं, त्यात तार असते, पण काखेतून असा वर चढत जाणारा सूर तसाच पोटात जातो. तर पिक्चरमधे हा तामा टचालाचं, म्हणजे हिरोचं, नाव घेतो. तीन ठोके, ट-चा-ला. मी दोनदा पिक्चर बघितला तेव्हा लक्षातच आलं नव्हतं, अल्बममधे कळलं आणि आता दर वेळी काटा येतो.

'वकांडा' (पिक्चरमधलं आफ्रिकेतलं काल्पनिक राज्य) ट्रॅक सुरू होतो तोच बाबा मालच्या एकट्याच्या आवाजाने. फुला या पश्चिम आफ्रिकेतल्या भाषेत गातोय, हत्ती मेलाय असं. हत्ती म्हणजे राजा, बाप गेलाय आणि मुलगा टचाला गादीवर बसायला घरी येतोय. भाषेचा एक शब्द समजत नाही तरी गळा भरून येतो.

आणि किलमाँगर, पिक्चरचा व्हिलन! त्याला दिलीय फुला बासरी, वाजवणारा फुंकता फुंकता त्यातच कुजबुजतो, ओरडतो, आणि खालून 808 ड्रम मशीनचा जाड बेस. रक्त वकांडाचं, वाढला अमेरिकेतल्या ओकलंडमधे, दोन्ही एकाच ट्रॅकमधे. 'किलमाँगर व्हर्सेस टचाला' मधे दोघांच्या थीम एकमेकांवर धावून जातात तेव्हा मला तरी त्याचीच बाजू घ्यावीशी वाटते, एवढं दुःख आहे त्या बासरीत.

कमी काय, तर अल्बम लांब आहे, दीड तासाच्या आसपास. 'बुसान कार चेस' सारखे ट्रॅक सीनशिवाय ऐकायला तेवढे नाही पकडत, ते मी सरळ पुढे ढकलतो. पण 'वॉरियर फॉल्स' मधले ड्रम आणि कोरस, तिथे आवाज वाढवायचा.

मोबाइलच्या स्पीकरवर लावू नका, बेस येतच नाही, नुसती बासरी ऐकू येते आणि किलमाँगर अर्धाच उरतो.