गेटवरच्या काट्यापर्यंत फायबर: कन्व्हर्टरची जोडी की स्विचमधलं मॉड्यूल?

तासगाव रोडला आमचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे. ऑफिसपासून गेटवरच्या वजनकाट्याची केबिन केबलच्या वाटेनं मोजली तर 240 मीटरवर येते. तांब्याच्या लॅन केबलची हद्द 100 मीटरची, त्यामुळे आधी आम्ही मध्ये भिंतीवर नेटवर्कचे दोन छोटे स्विच (लॅन केबली एकमेकींना जोडणारी पेटी) बसवून ती कशीबशी ओढत नेली होती. एप्रिल-मेमध्ये वळीव आला की वीज कुठं तरी माळावर पडायची आणि इकडं आमचे पोर्ट जळायचे. दोन हंगामांत तीन स्विच गेले. वायरलेसचा विचारही झाला, पण गेटवर उंच ट्रक उभे राहतात तेव्हा अँटेनाच्या समोर भिंतच उभी राहते. शेवटी फायबर, म्हणजे प्रकाशावाटे डेटा नेणारी काचेची तार, टाकली, आणि त्याबद्दल आता माझ्या मनात दुमत नाही. काचेतून विजेचा झटका येत नाही, एवढं एक कारणच आमच्या भागात पुरेसं आहे.

प्रश्न उरतो तो फायबरच्या दोन टोकांना काय लावायचं याचा. मी दोन्ही वापरलंय. आधी सव्वादोन वर्षं मीडिया कन्व्हर्टरची जोडी होती, म्हणजे फायबरमधला प्रकाश आणि लॅन केबलमधला विजेचा संकेत यांची अदलाबदल करणाऱ्या दोन छोट्या पेट्या. त्यानंतर आजपर्यंत तेच काम करणारी, पण थेट स्विचच्या खाचेत बसणारी एसएफपी मॉड्यूलं आहेत. दोन्हींचा वेग 1 जीबीच (सेकंदाला एक गिगाबिट), आणि दोन्हींत आतला लेझर एकाच जातीचा. 20 किलोमीटरसाठी बनवलेली वस्तू आपण पाव किलोमीटरला वापरणार, म्हणजे अंतराच्या बाबतीत निवड करण्यासारखं काही नाही.

कन्व्हर्टरच्या बाजूनं आधी बोलतो, कारण त्यानं आमचं काम केलं हे खरंच आहे. जुना स्विच बदलावा लागत नाही. एका बाजूला फायबर, दुसऱ्या बाजूला साधी लॅन केबल, झालं. बिघडला तर काट्यावरचा माणूससुद्धा बदलू शकतो, आणि सांगलीत कॅमेऱ्याचं सामान विकणाऱ्या दुकानांत तो बहुधा मिळतोच. कन्व्हर्टरची जोडी आणि मॉड्यूलची जोडी यांच्या किमतीत म्हणावा तेवढा फरक नाही. खर्च वाढतो तो स्विचमुळे, कारण मॉड्यूलची खाच असलेला स्विच दोन्ही टोकांना लागतो. एखाद्याच्या हातात बजेटच नसेल तर कन्व्हर्टर लावू नका असं मी म्हणणार नाही.

माझं मन फिरलं ते त्याच्या अ‍ॅडॉप्टरमुळे.

5 व्होल्टचा तो काळा ठोकळा आणि त्याची बारीक पिन. लाइट पूर्ण गेली आणि परत आली तर कन्व्हर्टर बहुतेक वेळा नीट सुरू व्हायचा. त्रास व्हायचा तो व्होल्टेज खाली जाऊन तिथंच रेंगाळलं की. मग तो मधल्याच अवस्थेत अडकायचा. पॉवरचा दिवा लागलेला, लॅनचा दिवा लागलेला, पण डेटा पुढं सरकत नाही. इन्व्हर्टर लावून पाहिला, तर लाइटवरून बॅटरीवर जाण्याच्या त्या क्षणातच तो अडकायला लागला. त्यावर औषध एकच: पिन काढायची, दहा आकडे मोजायचे, पिन परत लावायची. आणि ती पिन इतकी सैल की टेबलाला धक्का लागला तरी निघायची. बोर्डावर जागा कमी, त्यामुळे मोबाइल चार्जिंगला लावण्यासाठी कुणी ना कुणी नेमका तोच ठोकळा काढायचं. त्यात त्यांची चूक नव्हती. तो ठोकळा कशाचा हे त्याच्यावर लिहिलेलं असतं कुठं?

आवकेच्या दिवसांत, फेब्रुवारीनंतर, गाड्या रात्रीही येतात. काट्याची नोंद ऑफिसच्या कॉम्प्युटरवर चढल्याशिवाय लॉट नंबर पडत नाही आणि माल चेंबरकडे हलत नाही. रात्री एक-दीडला फोन यायचा, "साहेब, काटा दिसंना झालाय." मी विचारायचो, दिवे लागलेत का? "आवो, दिवे सगळे लागल्यात की!" तो खरंच सांगत असायचा. स्विच आणि कन्व्हर्टर यांच्यामधली तांब्याची केबल शाबूत असली की स्विचला वाटतं सगळं ठीक आहे. पलीकडे फायबर बंद पडलीय हे त्याला कळतच नाही. फायबर तुटली की लॅनचा पोर्टही आपोआप बंद करणारे कन्व्हर्टर मिळतात, पण आमच्या जोडीत ती सोय नव्हती, आणि घेताना ते विचारायला हवं हे मला सुचलं नव्हतं. मग बॅटरी घेऊन आधी ऑफिसचं टोक बघायचं, तिथून गेटवर जायचं. तोवर शेडवर दिवसभर राबून आलेला शेतकरी गाडीला टेकून उभा. त्याचं वर्षाचं पीक गाडीत आहे आणि ते आपल्या 5 व्होल्टच्या पिनीसाठी थांबलंय, हे मला फार लागायचं.

आता कुणी म्हणेल, मॉड्यूलवाल्या स्विचलाही लाइट लागतेच ना. लागते. पण केबिनमध्ये स्विच तसाही होताच, काट्याचा कॉम्प्युटर आणि दोन कॅमेऱ्यांसाठी. आधी तिथं कन्व्हर्टरचा एक, स्विचचा एक आणि कॅमेऱ्यांचे दोन असे चार अ‍ॅडॉप्टर होते. आता लॅन केबलमधूनच कॅमेऱ्यांना वीज देणारा, दोन एसएफपी खाचांचा स्विच आहे. त्याचा वीजपुरवठा आतच असल्यामुळे जाडजूड वायर थेट यूपीएसला जाते. चारांचा एक झाला. मॉड्यूलला वीज खाचेतूनच मिळते, म्हणजे स्विच चालू तर मॉड्यूल चालू. फायबर गेली तर स्विचचा तो पोर्टच पडतो आणि ऑफिसात बसून दिसतं. बदल केल्यापासून दोन हंगाम झाले. लिंक बंद आहे म्हणून रात्रीचा एकही फोन आलेला नाही. माझ्याकडे याचं दुसरं मोजमाप नाही, पण मला एवढं पुरतं.

दुसरा फायदा घेताना माझ्या हिशेबात नव्हता. डीडीएमची (मॉड्यूलनं स्वतःची मोजमापं कळवण्याची) सोय असलेलं मॉड्यूल पलीकडून किती प्रकाश पोचतोय ते सांगतं, आणि मॅनेज्ड स्विच, म्हणजे कॉम्प्युटरवरून ज्याच्या आत डोकावता येतं असा, असेल तर तो आकडा स्क्रीनवर वाचता येतो. आमची बायडी जोडी आहे, एकाच तारेवरून जाणं-येणं. ऑफिसकडून 1310 नॅनोमीटरचा प्रकाश जातो, गेटकडून 1550 चा येतो. बसवलं तेव्हा दोन्हीकडे आकडा उणे 6 डीबीएमच्या आसपास होता. डीबीएम हे प्रकाशाच्या ताकदीचं माप, उण्याचा आकडा जेवढा मोठा तेवढा प्रकाश कमी. पावसाळ्यानंतर सहज पाहिलं तर ऑफिसात उणे 17, आणि गेटला मात्र उणे 8. तार एकच आणि तोटा दोन तऱ्हेचा. कनेक्टरवर धूळ बसली असती तर दोन्ही आकडे साधारण सारखेच घसरले असते. तार कुठं जास्त वाकली की 1550 चा प्रकाश 1310 पेक्षा पुष्कळ जास्त बाहेर गळतो. म्हणजे बाक शोधायचा होता. केबिनमध्ये टेबल सरकवलं होतं आणि पिवळी पॅचकॉर्ड (टोकाला जोडायची फायबरची छोटी तार) त्याच्या पायाखाली दुमडली गेली होती. सोडवली, आकडा जागेवर आला. तोवर लिंक एकदाही तुटली नव्हती, पण तशीच राहिली असती तर ऐन आवकेत तुटली असती. साध्या कन्व्हर्टरवर हे कळायला मार्ग नव्हता.

मॉड्यूलचे स्वतःचे त्रास आहेत, ते लपवत नाही. बायडी मॉड्यूलं जोडीनं येतात आणि दोन्ही एकसारखी चालत नाहीत. एक 1310 पाठवणारं असेल तर दुसरं 1310 घेणारं हवं. एकाच जातीची दोन हातात आली तर लिंक लागणार नाही आणि तुम्ही तार तपासत बसाल. काही कंपन्यांचे स्विच परक्या ब्रँडचं मॉड्यूल नाकारतात, तेव्हा परत करण्याची बोली ठरवूनच घ्या. स्विचची खाच 10 जीबीची असेल तर 1 जीबीच्या मॉड्यूलसाठी वेग अनेकदा हातानं ठरवून द्यावा लागतो. आमच्या कन्व्हर्टरला एससी जातीचा मोठा कनेक्टर होता आणि मॉड्यूलला एलसी जातीचा छोटा, त्यामुळे पॅचकॉर्डही बदलाव्या लागल्या. पॅचकॉर्डच्या निळ्या टोकाला हिरवं टोक जोडू नका. हिरव्याचं तोंड तिरपं घासलेलं असतं, मध्ये फट राहते आणि प्रकाश वाया जातो. 80 किलोमीटरचं मॉड्यूल स्वस्तात मिळालं तरी जवळच्या अंतराला लावू नका, त्याच्या जास्त प्रकाशानं समोरचा रिसीव्हर खराब होऊ शकतो. केबिनला पत्र्याचं छप्पर असेल तर मॉड्यूलची तापमानाची हद्द पाहून घ्या. साधं 70 अंशांपर्यंतचं असतं, औद्योगिक 85 पर्यंतचं. बंद पेटीत, सांगलीच्या उन्हाळ्यात, मी औद्योगिक घेतलं.

तारेबद्दल एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच लागू आहे. गोदामात उंदीर असतात, त्यामुळे आम्ही पोलादी पत्र्याचं कवच असलेली केबल घेतली. पण कवच धातूचं आहे हे विसरून ते तसंच थेट रॅकपर्यंत आणलं, तर काचेमुळे मिळालेलं विजेपासूनचं संरक्षण निम्मं गेलं. आत येण्याआधी ते थांबवून नीट अर्थिंग करून घ्यावं. सहा तारांची केबल टाका, लागते एकच असली तरी. खणायची मजुरी तेवढीच पडते.

विहिरीवरच्या मोटारीला एक कॅमेरा लावायचाय, किंवा रानातल्या घरात नेट न्यायचंय, आणि लिंक दोन तास बंद राहिली तरी कुणाचं अडत नाही, तर कन्व्हर्टर घ्या. फायबर तुटल्यावर लॅन पोर्ट बंद करणारा मागा, आणि त्याच्या अ‍ॅडॉप्टरवर खडूनं नव्हे, स्टिकर लावून नाव लिहा. पण ज्या टोकाला माणसं रांगेत उभी राहतात, तिथं, स्विच नव्यानं घ्यावा लागला तरी, मी मॉड्यूलच लावेन. आमची जुनी जोडी आता शेततळ्यावरच्या कॅमेऱ्याला आहे, आणि ऑफिसच्या कपाटात मॉड्यूलची एक जादा जोडी ठेवलीय, एकावर "ऑफिस" आणि एकावर "गेट" लिहून.